‘एफआर ग्रेड’ एवढ्या दोन शब्दांवर भागवू नका : शीतगृहांच्या पफ पॅनेलविषयी खुले पत्र

प्रति,
मा. संचालक, महाराष्ट्र अग्निशमन सेवा,
तसेच शीतगृहे, पॅकहाउस आणि रायपनिंग चेंबर यांच्या प्रकल्पांना मंजुरी व अनुदान देणाऱ्या राज्यातील सर्व यंत्रणा

विषय : पफ पॅनेलमधील अग्निरोधकाची लेखी माहिती आणि सांध्यासह पूर्ण पॅनेलची अग्निचाचणी सक्तीची करण्याबाबत

महोदय,

नाशिकची द्राक्षे, तासगावचा बेदाणा, जळगावची केळी, वाशीच्या बाजारात उतरणारी फळे यांपैकी जे जे थंडाव्यात ठेवले जाते, ते आता बहुतेक ठिकाणी दोन पातळ पत्र्यांमध्ये भरलेल्या कडक पॉलियुरेथेन फोमच्या भिंतींआड असते. ठेकेदारापासून बागायतदारापर्यंत सगळे या भिंतीला ‘पफ पॅनेल’ म्हणतात. प्रकल्पाच्या दरपत्रकात आणि ना-हरकत दाखल्याच्या अर्जासोबत जोडलेल्या तपशिलात हा फोम आगीत कसा वागेल याविषयी सहसा एकच ओळ असते : ‘पफ पॅनेल, एफआर ग्रेड, घनता ४० अधिक-उणे २’. एफआर म्हणजे फायर रिटार्डंट, आग मंदावणारे रसायन किंवा अग्निरोधक घातलेला फोम. यातली घनता एक तुकडा कापून, मोजून-वजन करून तपासता येते, जाडी टेपने मोजता येते, पत्र्याची जाडीही पाहता येते. ‘एफआर ग्रेड’ मात्र कोणी तपासत नाही, कारण ते कशाशी ताडून पाहायचे हेच कुठे लिहिलेले नसते.

कडक फोमची सूत्रे बसवण्याचे काम मी बरीच वर्षे केले असल्यामुळे या दोन शब्दांमागे किती वेगवेगळे फोम उभे राहू शकतात हे मला ठाऊक आहे. म्हणून माझी विनंती अशी की, यापुढे शीतगृहाच्या कोणत्याही अर्जात किंवा अंदाजपत्रकात ‘एफआर ग्रेड’ हे शब्द पुरेसे मानू नयेत. फोममध्ये फॉस्फरसचे कोणते संयुग घातले आहे, फोमच्या वजनाच्या किती टक्के फॉस्फरस त्यातून येतो, फोम कोणत्या वायूने फुगवला आहे आणि पत्रे, सांधे व कोपरे यांसह जोडलेल्या पॅनेलची कोणती अग्निचाचणी झाली आहे, हे उत्पादकाने सही करून लिहून द्यावे. एवढी माहिती नसेल तर तो अर्ज अपुरा समजावा. ही मागणी का करत आहे, ते थोडे सविस्तर सांगतो.

पॉलिओल आणि आयसोसायनेट, ज्याला कारखान्यात सगळे ‘आयसो’ म्हणतात, ही दोन द्रव्ये योग्य उत्प्रेरकांसह एकत्र आली की काही सेकंदांत मिश्रण फेसाळते आणि काही मिनिटांत घट्ट होते. तयार फोमच्या नव्वद टक्क्यांहून अधिक पेशी बंद असतात आणि त्यांत अडकलेल्या वायूमुळे तो उष्णता फार कमी वाहू देतो. शीतगृहाला हा गुण हवाच असतो; पण आगीच्या वेळी तोच उलटतो. लाकडाच्या जाड फळीवर ज्योत धरली तर उष्णतेचा काही भाग आत शिरतो आणि पृष्ठभाग तापायला वेळ लागतो. फोमच्या पृष्ठभागावरची उष्णता आत जाऊ शकत नाही, म्हणून वरचा थर काही क्षणांतच पेट घेण्याच्या तापमानाला पोचतो. शिवाय पेशींच्या भिंती इतक्या पातळ असतात की ज्वलनासाठी हवेला भरपूर पृष्ठभाग आयता मिळतो. अग्निरोधक नसलेला कडक फोम साधारण १८ ते १९ टक्के ऑक्सिजनमध्येही जळत राहतो आणि आपल्या हवेत तो २१ टक्के आहे.

आता प्रमाण पाहू. १०० मिलिमीटर जाडीच्या आणि घनमीटरला ४० किलो घनतेच्या पॅनेलमध्ये दर चौरस मीटरला ४ किलो फोम असतो. तो पूर्ण जळाला तर सुमारे १०० मेगाज्यूल उष्णता निघते, म्हणजे साधारण सहा किलो कोरड्या लाकडाइतकी. २० मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि ८ मीटर उंच अशा एका चेंबरच्या भिंती आणि छत मिळून ८६० चौरस मीटर होतात. त्यात जवळजवळ साडेतीन टन फोम बसतो. अशी चार-सहा चेंबर एका छपराखाली असतात आणि प्लॅस्टिकचे क्रेट, पुठ्ठ्याची खोकी, लाकडी पॅलेट यांचा हिशोब यात धरलेलाच नाही. साडेतीन टन लाकूड रचून ठेवलेल्या गोदामाला दाखला देताना आपले अधिकारी जितके प्रश्न विचारतील, निदान तितके तरी या फोमबद्दल विचारले जावेत.

फॉस्फरस इथे नेमके काय करतो हे समजल्याशिवाय कागदावर काय मागायचे ते ठरवता येणार नाही. युरेथेनचे बंध सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या पुढे तुटू लागतात आणि जळाऊ वायू बाहेर पडतात. फोम पेटतो म्हणजे प्रत्यक्षात हे वायू पेटतात. फॉस्फरसची संयुगे दोन ठिकाणी आडवी येतात. एक जागा ज्योतीच्या आत आहे. तिथे हायड्रोजनचे आणि हायड्रॉक्सिलचे अस्थिर मूलक ज्वलनाची साखळी पुढे नेत असतात. फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचे लहान अणुसमूह त्यांना पकडतात आणि साखळी मंदावते. दुसरी जागा खुद्द फोमचा पृष्ठभाग. तिथे तापलेल्या संयुगापासून फॉस्फरिक आणि पॉलिफॉस्फरिक आम्ले तयार होतात, ती बहुलकातले पाणी खेचून घेतात आणि कार्बन मागे ठेवतात. करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा हा काळा थर खालच्या फोमला उष्णतेपासून आणि वर येऊ पाहणाऱ्या वायूंना हवेपासून तोडतो. कोणते संयुग यांपैकी कोणते काम अधिक करते हे त्याच्या रचनेवर अवलंबून असते, आणि म्हणूनच संयुगाचे नाव विचारणे हा नुसता कागदी सोपस्कार ठरत नाही.

आपल्याकडे सर्वाधिक वापरले जाते ते टीसीपीपी, म्हणजे ट्रिस क्लोरोप्रोपिल फॉस्फेट. हा द्रव आहे, पॉलिओलमध्ये सहज मिसळतो, मिश्रण पातळ करून यंत्रावरचे काम सोपे करतो आणि त्याच्या रेणूत साडेनऊ टक्के फॉस्फरस व सुमारे साडेबत्तीस टक्के क्लोरीन असते. फोमचे बंध ज्या तापमानाला तुटू लागतात, त्याच सुमारास टीसीपीपीची वाफ होऊ लागते. जळाऊ वायूंबरोबर अग्निरोधकही ज्योतीत पोचतो आणि लहान ज्योत विझते. मात्र मोठ्या आगीत याच गुणामुळे तो लवकर उडून जातो आणि मागे उरलेला फोम जवळजवळ विनासंरक्षण जळतो. टीसीपीपीचा फोम कुचकामी आहे असे मला म्हणायचे नाही. वेल्डिंगची ठिणगी, शॉर्टसर्किट झालेली वायर किंवा दरवाज्याच्या चौकटीत तापलेला हीटर यांनी आग धरू नये एवढे काम तो चांगले करतो. आग धरल्यानंतर मात्र त्याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

प्रमाणाचा हिशोब एकदा कागदावर मांडून दाखवतो. समजा १०० किलो पॉलिओल, १५ किलो टीसीपीपी आणि १३५ किलो आयसो घेतले. एकूण २५० किलो फोममध्ये फॉस्फरस येतो १.४३ किलो, म्हणजे ०.५७ टक्के. आता त्याच सूत्रात टीसीपीपी १५ ऐवजी ८ किलो घातला तर हा आकडा ०.३१ टक्क्यांवर उतरतो. दोन्ही फोम पिवळसर दिसतात, दोन्हींची घनता ४० भरते, दोन्ही पॅनेलांवर तोच पांढरा रंगीत पत्रा असतो आणि दोन्ही ‘एफआर ग्रेड’ म्हणून विकले जातात. फरक फक्त उत्पादकाच्या खर्चात पडतो. तो खर्च नेहमी सारखा नसतो हेही ध्यानात घ्यावे. सप्टेंबर २०२१ मध्ये चीनच्या युनान प्रांताने वीजवापर घटवण्यासाठी पिवळ्या फॉस्फरसचे उत्पादन जवळजवळ नव्वद टक्क्यांनी कमी करायला लावले, तेव्हा फॉस्फरसच्या साऱ्या संयुगांचे भाव जगभर चढले. अशा महिन्यांत सूत्रातले चार किलो गुपचूप कमी करण्याचा मोह कोणाला झाला नसेल असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि आजच्या व्यवस्थेत तसे झाले असेल तर ते पकडण्याची सोयही नाही. वास्तविक फॉस्फरस मोजणे अवघड नाही. फोमचा तुकडा आम्लात पचवून आयसीपी या मूलद्रव्ये मोजणाऱ्या यंत्रावर लावला की टक्केवारी कळते. मुंबई-पुण्यात हे काम करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. उत्पादकाने लिहून दिलेला आकडा आणि साइटवरून कापून आणलेल्या तुकड्याचा आकडा जुळतो का, एवढेच पाहायचे आहे.

फुगवणाऱ्या वायूचा प्रश्न मी मुद्दाम वेगळा विचारायला सांगितला आहे. ओझोनच्या थराला धोका असल्यामुळे एचसीएफसी-१४१बी या वायूचा वापर भारतात १ जानेवारी २०२० पासून बंद झाला. त्यानंतर अनेकांनी सायक्लोपेंटेनचा मार्ग धरला, काहींनी पाण्याचा आणि काहींनी एचएफओ या नव्या पिढीच्या वायूंचा. १४१बी स्वतः सहज पेट घेत नसे. सायक्लोपेंटेन पेट्रोलसारखा ज्वालाग्राही आहे आणि तो फोमच्या पेशींत अडकून राहतो. म्हणजे जुन्या सूत्रातला अग्निरोधक तेवढाच ठेवून नुसता वायू बदलला तर तोच फोम आगीत अधिक वाईट वागतो; अग्निरोधक वाढवावा लागतो किंवा सूत्रच बदलावे लागते. अशा स्थितीत २०२० पूर्वी तपासलेल्या फोमचे प्रमाणपत्र आजच्या पॅनेलसाठी दाखवले जात असेल तर त्याला काही अर्थ उरत नाही. माझ्या पाहण्यातल्या एका फाइलमध्ये जोडलेल्या प्रमाणपत्रावर नमुन्याची जाडी, घनता, चाचणीचा दिनांक आणि ‘उत्तीर्ण’ हा शिक्का सगळे होते. फोम कशाने फुगवला आणि त्यात कोणते अग्निरोधक किती घातले, याचा एका अक्षराने उल्लेख नव्हता. फाइल मात्र पूर्ण समजली गेली होती.

प्रमाणपत्रांबद्दल आणखी थोडे. विक्रीसाठी येणारा माणूस पिशवीतून फोमचा चौकोनी तुकडा काढतो, त्याच्या कडेला गॅस लायटर धरतो, काठ काळा पडतो, लायटर बाजूला घेतला की ज्योत विझते, आणि तो तुकडा टेबलावर मालकासमोर ठेवतो. मालक बोटाने काजळी पुसतो. खाली पिवळा फोम तसाच असतो. हे दृश्य फसवे आहे असे कोणी म्हणणार नाही, कारण जे दिसते ते खरेच असते. पण ते लायटरच्या ज्योतीपुरते खरे असते. आपल्याकडचा आयएस १२४३६ हा कडक पॉलियुरेथेन आणि पॉलिआयसोसायन्युरेट (जास्त आयसो घालून केलेला, उष्णतेत अधिक टिकणारा त्याचाच प्रकार) फोमचा मानक १९८८ चा आहे आणि त्यातली ज्वलनाची कसोटी आडव्या धरलेल्या लहान नमुन्यावरच घेतली जाते. जर्मन ‘बी-टू’ वर्गाचा आपल्या बाजारात फार बोलबाला आहे. त्या चाचणीत नमुन्याला १५ सेकंद लहान ज्योत लावतात आणि ज्योतीचे टोक २० सेकंदांत १५० मिलिमीटरची खूण ओलांडते की नाही एवढेच पाहतात. ऑक्सिजन निर्देशांकाची, म्हणजे नमुना जळत राहायला निदान किती टक्के ऑक्सिजन लागतो ते पाहणारी चाचणी तर साध्या तापमानाला, काचेच्या नळकांड्यात उभ्या केलेल्या काडीएवढ्या नमुन्यावर होते. तिथे २४ किंवा २६ आकडा मिळालेला फोम, सभोवती क्रेट जळत असताना आणि छताखाली ५०० अंशांचा धूर साचलेला असताना पेटणार नाही, असा अर्थ त्यातून कोणी काढू नये.

हे धडे इतरांनी फार महागात घेतले आहेत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७३ मध्ये प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेवर आणि २५ कंपन्यांवर कारवाई सुरू केली, ती याच कारणासाठी : पॉलियुरेथेन आणि पॉलिस्टायरीनच्या फोमला लहान चाचण्यांच्या आधारे ‘न जळणारा’ आणि ‘आपोआप विझणारा’ म्हणून विकले जात होते. पुढच्या वर्षी झालेल्या तडजोडीत उद्योगाला ते शब्द सोडावे लागले आणि आगीच्या संशोधनासाठी ५० लाख डॉलर द्यावे लागले. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीच्या आगीत १४ जून २०१७ रोजी ७२ माणसे गेली. तिथे आग पसरण्याचे मुख्य कारण पॉलिइथिलीन भरलेले बाह्य आच्छादन होते. पण त्यामागे पॉलिआयसोसायन्युरेट फोम होता, आणि चौकशीत असे उघड झाले की त्या फोमच्या मोठ्या चाचणीत मॅग्नेशियम ऑक्साइडचे बोर्ड बसवले होते आणि विक्रीच्या कागदांतून त्यांचा उल्लेख वगळला होता. सप्टेंबर २०२४ च्या अंतिम अहवालाने उत्पादकांवर दिशाभुलीचा ठपका ठेवला. प्रगत देशात, इतकी कडक यंत्रणा असताना हे घडले. आपल्याकडे तर चाचणीचा पूर्ण अहवाल मागण्याचीच पद्धत नाही, पहिले पान पुरते.

म्हणून चाचणी मागायची ती जोडलेल्या पॅनेलची. पत्रा शाबूत आहे तोवर फोम बराच सुरक्षित असतो. आग आत शिरते ती सांध्यातून, कोपऱ्यातून, वायर नेण्यासाठी ड्रिलने पाडलेल्या आणि नंतर फोमच्या स्प्रेने बुजवलेल्या भोकातून, दरवाज्याच्या चौकटीतून. एकदा आत गेली की ती दोन पत्र्यांमध्ये, डोळ्यांआड आणि पाण्याच्या फवाऱ्याच्या आवाक्याबाहेर चालत राहते. पत्रा फोमपासून सुटतो आणि छताची पॅनेले खाली येतात. या साऱ्याचा अंदाज लहान तुकड्यावरून येत नाही. युरोपात पूर्ण कोपरा उभा करून घेतली जाणारी ईएन १३८२३ ही चाचणी आणि सँडविच पॅनेलसाठीच केलेली आयएसओ १३७८४ ही खोलीची चाचणी याकरिता उपलब्ध आहेत. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेत आगीवर स्वतंत्र काम चालते. राज्याने त्यांच्याशी बोलून आपल्याकडच्या पॅनेलांसाठी एक व्यवहार्य चाचणी ठरवून घ्यावी असे मला वाटते.

धुराबद्दल लिहिताना अग्निशमन दलातल्या जवानांना विशेष उद्देशून लिहावेसे वाटते, कारण याचा भार तेच वाहतात. पॉलियुरेथेनमध्ये नायट्रोजन असतो, त्यामुळे त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असते. ज्योतीत काम करणारे अग्निरोधक ज्वलन अर्धवट ठेवतात. ज्योत लहान होते, पण धूर आणि कार्बन मोनॉक्साइड वाढू शकतात. म्हणजे कमी पेटणाऱ्या फोमचा धूर कमी घातक असतो हे गृहीत धरता येत नाही. १९७५ मध्ये युटा विद्यापीठातल्या संशोधकांना तर असे आढळले होते की, ट्रायमिथिलॉलप्रोपेनवर आधारलेल्या पॉलिओलचा कडक फोम फॉस्फरसयुक्त अग्निरोधकासह जाळला असता त्या दोघांच्या संयोगातून एक अत्यंत विषारी फॉस्फेट तयार होते आणि धुरात ठेवलेल्या उंदरांना आकडी येते. अग्निरोधक नसलेल्या त्याच फोमच्या धुरात हे घडत नव्हते. अग्निरोधक टाळावा असा याचा अर्थ नव्हे. पॉलिओल आणि अग्निरोधक यांची जोडी पाहावी लागते एवढाच. पफ पॅनेलच्या इमारतीत श्वसनसंच चढवल्याशिवाय कोणत्याही जवानाला आत पाठवू नये, आणि आत पफ आहे हे त्याला दरवाज्यावरच्या फलकावरून कळावे. असा फलक लावण्याचा खर्च काही शे रुपयांच्या पुढे जात नाही.

पर्यायांचा विषय थोडक्यात घेतो. ट्रायइथिल फॉस्फेटमध्ये १७ टक्के फॉस्फरस असतो आणि क्लोरीन नसते. वर दिलेल्या हिशोबातला १.४३ किलो फॉस्फरस त्याच्या साडेआठ किलोंत मिळतो. पण तो अधिक सहज उडतो, आणि जास्त घातला तर फोम नरम पडतो. डायमिथिल मिथिलफॉस्फोनेटमध्ये २५ टक्के फॉस्फरस आहे. तो रासायनिक अस्त्रबंदी कराराच्या दुसऱ्या अनुसूचीत येत असल्यामुळे त्याची वेगळी कागदपत्रे सांभाळावी लागतात. अमोनियम पॉलिफॉस्फेटचा भर पृष्ठभागावरचा काळा थर घडवण्यावर असतो, त्यामुळे मोठ्या आगीत तो अधिक टिकाव धरतो आणि प्रसरणशील ग्रॅफाइटबरोबर उत्तम चालतो. पण तो घन भुकटीच्या रूपात असल्यामुळे टाकीच्या तळाशी बसतो आणि मिक्सिंग हेड घासून काढतो. त्यामुळे कारखान्यातला फोरमन त्याचे नाव काढले की कपाळाला हात लावतो. फॉस्फरस पॉलिओलच्या साखळीतच बांधलेली अभिक्रियाशील संयुगे वर्षानुवर्षे उडून जात नाहीत आणि फोमची ताकदही कमी करत नाहीत. ती महाग आहेत. माझे मत विचाराल तर शीतगृहासाठी चांगल्या पॉलिआयसोसायन्युरेट फोमला, ज्यात आयसोचे प्रमाण पॉलिओलच्या गरजेच्या अडीचपट किंवा त्याहून जास्त ठेवून उष्णतेत टिकणारी वलये तयार केली जातात, फॉस्फरसची जोड द्यावी. अशा फोमचा पृष्ठभाग मुळातच करपून थर धरतो, त्यामुळे थोड्या फॉस्फरसने जास्त काम होते. टीसीपीपी सांडपाण्याच्या शुद्धीकरणात नीट निघत नाही आणि नद्यांच्या पाण्यात सापडतो, ही वस्तुस्थितीही क्लोरीनविरहित संयुगांकडे वळण्याच्या बाजूने आहे. पण उद्या सकाळी त्यावर बंदी घाला असे मी म्हणत नाही, कारण पर्याय तयार नसताना बंदी आली तर काही उत्पादक अग्निरोधकच घालणार नाहीत.

जे फॉस्फरसला जमणार नाही, ते शिस्तीने करावे लागेल. दक्षिण कोरियातल्या इचॉन शहरात शीतगृहांच्या दोन आगी लागल्या : जानेवारी २००८ मध्ये ४० माणसे गेली आणि २९ एप्रिल २०२० रोजी आणखी एका बांधकामात ३८. दुसऱ्या वेळी तळघरात वेल्डिंग चालू होते आणि छताच्या युरेथेन फोमने ठिणगी धरली, असे तपासात निघाले. शांघायमध्ये नोव्हेंबर २०१० मध्ये ५८ माणसांचा बळी घेणारी आगही वेल्डिंगच्या ठिणगीने पॉलियुरेथेनला लागली होती. आपल्याकडे हंगाम तोंडावर आला की अमोनियाच्या पाइपचे वेल्डिंग, पॅनेल उभारणी आणि वायरिंग एकाच चेंबरमध्ये एकाच वेळी चालते, हे नाशिक भागातल्या कोणत्याही ठेकेदाराला विचारावे. उघड्या फोमजवळ वेल्डिंग किंवा गॅस कटरला लेखी परवानगीशिवाय मनाई, काम संपल्यावर पुढचा तासभर तिथे माणूस उभा, पॅनेलमधून जाणारी प्रत्येक वायर धातूच्या नळीतून आणि भोकाभोवती आग न धरणारे भरण, आणि आतल्या बाजूने फवारलेला फोम उघडा ठेवण्यास पूर्ण बंदी, एवढ्या अटी दाखल्यातच छापल्या जाव्यात. अमेरिकेत अशा फवारलेल्या फोमवर अर्धा इंच जाडीचा जिप्सम बोर्ड किंवा तितकाच सक्षम अडथळा लागतो. आपल्याकडे गोदामांच्या पत्र्याखाली तो उघडा पिवळा दिसतो आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही.

यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार मालकाला दर जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निसुरक्षेच्या उपाययोजना चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र द्यावेच लागते. आज त्यात नळ, पंप, अग्निशामक सिलिंडर पाहिले जातात. पॅनेलांचे सांधे उघडे पडले आहेत का, नवी भोके पाडली आहेत का, पत्रा कुठे गंजून फोम दिसू लागला आहे का, हे तपासण्याची सूचना परिपत्रकाने देता येईल. अनुदान देणाऱ्या यंत्रणांचे काम त्याहून सोपे आहे, कारण पैसा त्यांच्या हातात आहे : शेवटचा हप्ता सोडण्यापूर्वी साइटवरच्या फोमचा एक तुकडा फॉस्फरस मोजण्यासाठी पाठवावा.

खर्च वाढेल ही तक्रार शेतकरी उत्पादक कंपन्यांकडून येईल आणि ती खोटी नाही. अग्निरोधक वाढला, पॉलिआयसोसायन्युरेट घेतले, चाचणी केली की पॅनेलचा दर चढणार. हा वाढीव दर अनुदानाच्या मोजमापात स्वतंत्र धरावा, म्हणजे प्रामाणिक उत्पादक निविदेत मागे पडणार नाही. आज कमीत कमी दराची निविदा स्वीकारण्याच्या पद्धतीत टीसीपीपी १५ किलो घालणारा ८ किलो घालणाऱ्याकडून हरतो. उत्पादकांपैकी जे चांगले काम करतात, त्यांनाही ही अट हवीच आहे. खासगीत ते तसे बोलतात, संघटनेच्या लेटरहेडवर लिहीत नाहीत.

जुन्या शीतगृहांत कोणता फोम आहे हे आता कोणीच सांगू शकणार नाही. त्यांच्याकडून प्रमाणपत्रे मागून उपयोग नाही. तिथे फक्त फलक, सांध्यांची दुरुस्ती, वायरिंगची तपासणी आणि वेल्डिंगवरचे निर्बंध लागू करावेत, आणि हे काम द्राक्षांचा पुढचा हंगाम सुरू होण्याआधी, म्हणजे डिसेंबरपूर्वी, हाती घ्यावे. नव्या प्रकल्पांसाठीचा नमुना तक्ता तयार करण्यास लागेल ती तांत्रिक मदत मी विनामूल्य करण्यास तयार आहे.

आपला विश्वासू,
कडक फोमच्या सूत्रांवर काम केलेला एक रसायन अभियंता, नाशिक